कानबाईच्या गळ्यातला मोर

मगननानांच्या घरात किती वाजले ते नानांना कोणी विचारत नाही. विचारलं तर ते आधी चष्मा शोधतात, मग कपाटातलं एक घड्याळ निवडतात, ते कानाशी धरतात, आणि शेवटी मुलाला म्हणतात, "नवल, तुझ्या मोबाइलात बघ रे." पारोळ्याच्या त्यांच्या घरात, बाहेरच्या खोलीत, काचेच्या कपाटात साखळीची जुनी घड्याळं ओळीनं मांडलेली आहेत. कुणाची डबी चांदीची, कुणावर वेलबुट्टी, एकाच्या झाकणावर तर हरणाची शिकार कोरलेली. चालतं मात्र एकच, आणि तेही दुपारी जेवणानंतर मागे पडतं. "तुमच्यावर गेलंय," असं त्यांच्या पत्नी पुष्पाबाई म्हणतात.

नाना नरडाण्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. कोण उशिरा आला, कोण लवकर सटकला, हे टिपण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे सकाळी नऊपर्यंत झोपायला सुरुवात केली. अंघोळीला अकरा. कधी बारा. दुसरं काम घड्याळांचं. साक्रीच्या आठवडे बाजारात एकानं गोणपाटावर जुनी कुलपं, कात्र्या आणि अडकित्ते मांडले होते, त्यात एक चांदीचं घड्याळ काळवंडून पडलं होतं. नानांनी ते धोतराच्या टोकानं पुसलं, आतून एक फूल वर आलं, आणि माणूस गेला तो गेलाच. गेले होते बोकड बघायला.

पुष्पाबाईंचा राग घड्याळांवर नव्हता, बंद घड्याळांवर होता. बंद पडलेलं घड्याळ घरात ठेवू नये, घरातलं चालणारं काम अडतं, असं त्यांच्या माहेरी मानत. "एक असतं तर मी डोळेझाक केली असती. तुम्ही तर कपाटच भरलंय," त्या म्हणायच्या. नवलचं लग्न लांबलं तेव्हा दोष घड्याळांना. नवलचं लग्न झालं तेव्हा श्रेय मात्र घरच्या देवीला, कानबाईला. शेवटी सून घरात आल्यावर त्यांनी नानांकडून वदवून घेतलं की आता एकही नवीन घड्याळ या उंबऱ्याच्या आत येणार नाही.

नानांनी शब्द दिला. तो पाळायचाही त्यांचा विचार होता. पण जळगावला शालिग्राम सर होते.

शालिग्राम सर इतिहास शिकवून निवृत्त झालेले आणि नानांपेक्षा जुने घड्याळवेडे. त्यांच्याकडचं प्रत्येक घड्याळ कुठल्यातरी संस्थानाच्या दिवाणाचं असायचं. त्या काळी कारकुनांना वेळ कळायची गरजच नसावी. एका दुपारी त्यांनी मखमलीच्या पुरचुंडीतून एक घड्याळ काढून नानांच्या तळहातावर ठेवलं. सोन्याची कड, झाकणावर गडद निळा मिना, आणि त्यात पिसारा मिटून मागे वळून बघणारा मोर. पिसाऱ्यावर हिरवा मिना, डोळ्याच्या जागी लाल ठिपका. झाकण उघडलं की आत पांढरी शुभ्र तबकडी.

"चालत नाही," सर म्हणाले. "चावी पूर्ण भरलेली आहे, पण आतलं तेल गोठून चिकट झालंय. पण आपल्याला चालवायचंय कशाला?"

नानांनी झाकण पुन्हा पुन्हा उघडून मिटून पाहिलं. घरी आल्यावर दोन दिवस त्यांना ताटातल्या भरताच्या वांग्यातही मोर दिसला. तिसऱ्या दिवशी त्यांनी चांदीची तीन घड्याळं रुमालात बांधली, एरंडोलमार्गे जळगाव गाठलं आणि अदलाबदल करून मोर घेऊन आले. वर सरांनी सांगितलं, "श्रावणात आमच्या मंडळाचं प्रदर्शन आहे. नाणी आणि तिकिटं दर वर्षीच असतात. यंदा घड्याळांना एक टेबल दिलंय. तुमचा मोर मधोमध ठेवू. पाटीवर तुमचं नाव."

पाटीवर नाव! नानांचं नाव आजवर लग्नपत्रिकेत आणि रेशनकार्डावर सोडून कुठं छापून आलं नव्हतं. एसटीत बसल्या बसल्या त्यांनी ती पाटी मनातल्या मनात निदान चार प्रकारे लिहून पाहिली.

घरी पोचल्यावर निराळंच झालं. पुष्पाबाईंनी कपाटातल्या तीन रिकाम्या जागा बघितल्या होत्या. "दिली का?" त्यांनी विचारलं. "दिली," नाना म्हणाले, आणि ते खरंच होतं. पुष्पाबाईंचा चेहरा असा उजळला की नानांनी मोर खिशात आणखी खाली ढकलला. पुष्पाबाईंनी शेजारणीला कुंपणावरून सांगितलं, "सुटतंय बाई, हळूहळू सुटतंय." रात्री वरण-बट्टी केली, वर तूप सोडलं, आणि आग्रह करून वाढलं. नानांनी चार बट्ट्या खाल्ल्या. खिशातला मोर मांडीला टोचत होता.

आता तो ठेवायचा कुठं? काचेच्या कपाटात शक्य नव्हतं. उशाखाली ठेवला तर सून चादरी बदलते. मग नानांना एक जागा आठवली, आणि आपल्या हुशारीचं त्यांना फार कौतुक वाटलं. पुष्पाबाईंच्या कपाटात वरच्या कप्प्यात कानबाईच्या दागिन्यांचा पितळी डबा होता. देवीची नथ, डोळे, पोत, पदक सगळं त्यात. डब्याला कुलूप, पण किल्ली कुंकवाच्या करंड्यात असते हे घरात सगळ्यांना ठाऊक. तो डबा वर्षातून एकदाच उघडतो. नानांनी देवीच्या पदकाशेजारी मोर ठेवला, हात जोडले आणि निर्धास्त झोपले.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेळा टिपणाऱ्या या माणसाच्या एवढं लक्षात आलं नाही की श्रावण लागलेला आहे, आणि कानबाई श्रावणातच बसते.

कानबाईच्या रविवारी घर पहाटेपासून गजबजलं. थोरलं घर म्हणून रोट, म्हणजे सगळ्या कुळाचा एकत्र नैवेद्य, नानांकडेच असतो. धुळ्याहून धाकटा भाऊ प्रेमराज आणि त्याची बायको आली, गावातली सगळी भावकी आली, खाटेवर बसवून सुपडाबाईंना आणलं. त्या नानांच्या चुलतकाकू. वयाचा हिशोब त्यांनी स्वतःच सोडून दिलेला. नानांना केळीचे खांब आणायला पिटाळलं होतं. ते खांब घेऊन परतले तोवर चौरंग सजला होता, आणि बायकांचा घोळका देवीभोवती उभा होता.

"काय पदक आहे हो अक्का!" धुळ्याची जाऊ पुष्पाबाईंना म्हणत होती. "मागच्या वर्षी तर नव्हतं. जळगावचं का?"

पुष्पाबाईंनी वळून देवीच्या गळ्याकडे पाहिलं. सकाळी त्यांनी सुनेला, नूतनला, डबा दिला होता आणि स्वतः पुरणाकडे गेल्या होत्या. नूतनची ही पहिलीच कानबाई. तिला डब्यात दोन गोल दागिने दिसले, एक झिजलेलं आणि एक लखलखीत. तिनं लखलखीत होतं ते घातलं. तिचं काय चुकलं? पुष्पाबाईंनी आताच ते पहिल्यांदा पाहिलं होतं. पण धुळ्याची जाऊ दर वर्षी येऊन स्वतःच्या पाटल्या दाखवून जायची, आणि आज ती पहिल्यांदाच मान वाकडी करून दुसऱ्याचं काहीतरी बघत होती.

"जळगावचंच असणार," पुष्पाबाई म्हणाल्या. "यांनी आणलंय वाटतं. आमचे हे बोलत नाहीत, पण मनात असतं."

दारात नाना केळीचे खांब धरून उभे होते. नारळाच्या देवीला नथ होती, डोळे होते, आणि दोन्ही पोतींच्या मधोमध, साखळीसकट, त्यांचा मोर होता. तो नेहमीप्रमाणे मागे वळून बघत होता. नानांना वाटलं, माझ्याकडेच बघतोय.

"नाना, खांब ठेवा ना खाली," नवल म्हणाला.

नानांनी ठेवले. मग हळूच देवीजवळ सरकले आणि म्हणाले, "साखळी जरा नीट करतो."

"हात नको लावू रे मगन!" खाटेवरून सुपडाबाई कडाडल्या. "देवीले चढेल दागिना देवीनाच व्हई गया. आते तो डबामाच ऱ्हाई."

म्हणजे संपलं. देवीला चढवलेलं घरात वापरायचं नाही, बाहेर द्यायचं नाही, हे नानांना लहानपणापासून माहीत होतं. पुढच्या रविवारी जळगावला टेबल, टेबलावर पाटी, पाटीवर नाव, आणि मोर मात्र पारोळ्याला पितळी डब्यात. सांगून टाकावं का, की बायांनो, हे पदक नाही, घड्याळ आहे, चुकून गेलं? घरच्या चुकीला देवीही माफ करते. घड्याळ उतरवतील, झिजलेलं पदक घालतील. पण मग धुळ्याची जाऊ हसेल, आणि धुळ्याला जाऊन पुढच्या कानबाईपर्यंत हसत राहील. नानांनी पुष्पाबाईंकडे पाहिलं. त्या पुरणाचे हात पदराला पुसत, ताठ मानेनं पाहुण्यांना बसायला सांगत होत्या. इतक्या ताठ मानेनं की नवलच्या लग्नानंतर नानांनी ती पाहिली नव्हती.

नाना केळीचे खांब बांधू लागले. सुतळीची गाठ चार वेळा सुटली.

दिवेलागणीला आरती झाली. चौरंगाच्या दोन्ही बाजूंना समया, पुढं निरांजनं, वर लावलेल्या विजेच्या दिव्यांचा झोत. देवीसमोर बसणाऱ्याला घाम फुटावा इतकी ऊब. शेवटची टाळी वाजली, सगळ्यांनी डोळे मिटले, खोली शांत झाली. त्या शांततेत बारीक आवाज आला. टिक टिक टिक.

गोठलेलं तेल उबेनं सुटलं होतं. पूर्ण चावी भरलेली होतीच.

सगळ्यांत पुढं सुपडाबाई. त्यांनी डोळे उघडले. "माय व! देवीनं काळीज वाजी ऱ्हायनं!"

दोघीतिघींनी कपाळं जमिनीला टेकवली. नानांच्या अंगावर काटा आला, पण त्याचं कारण वेगळं होतं. चालतंय! शालिग्राम सरांकडे इतकी वर्षं मुकं पडलेलं चालतंय! त्यांना उठून नाचावंसं वाटलं. तेवढ्यात धुळ्याची जाऊ गुडघ्यांवर पुढं सरकली आणि कान देऊन ऐकू लागली.

"अक्का," ती ओठ दाबत म्हणाली, "हे पदकच आहे ना?"

पुष्पाबाईंनी मोराकडे पाहिलं. मग कपाटाकडे. मग नानांकडे. त्या नजरेत तीन रिकाम्या जागा होत्या, चार बट्ट्या होत्या, आणि वर सोडलेलं तूपही होतं. त्यांच्या मानेचा ताठा हळूहळू उतरायला लागला.

नानांच्या तोंडून ते निघून गेलं. "घड्याळच आहे ते. देवीसाठीच आणलं. ही म्हणत होती, घरात बंद घड्याळं फार झाली, एक तरी चालतं हवं. म्हटलं चालतं आणायचं तर देवीलाच वाहू. हिचीच इच्छा."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आता मोर खरोखरच गेला. चुकून गेलेला परत मागता आला असता. चारचौघांत वाहिलेला कसा मागणार?

"बघा!" सुपडाबाई म्हणाल्या. "बठ्ठा गावमा अशी कानबाई कोठेच नही."

धुळ्याच्या जावेनं नमस्कार केला. करताना पाटल्या जरा मागे सारून घेतल्या.

सोमवारी वाजतगाजत देवीला नदीवर नेलं. निघण्याआधी पुष्पाबाईंनी दागिने एक एक उतरवले, मोर कापसात गुंडाळला, डब्याला कुलूप लावलं. किल्ली या वेळी करंड्यात गेली नाही, कमरेला गेली. पाहुणे पांगले. नाना बाहेरच्या खोलीत बसून हरणाच्या शिकारीकडे बघत राहिले. पुष्पाबाईंनी चहा आणला. कप ठेवताना म्हणाल्या, "सुटतंय म्हणे हळूहळू," आणि आत गेल्या.

बुधवारी नाना झोपलेले असताना घरातला फोन वाजला. पुष्पाबाईंनी उचलला.

"नाना, मोर येतोय ना रविवारी?" पलीकडून शालिग्राम सर.

"कुठला मोर?"

सरांनी सगळं सांगितलं. टेबल, पाटी, नाव. पुष्पाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. एवढं सगळं माहीत असून माणूस त्या दिवशी भरल्या घरात काय बोलला, हे त्यांनी मनातल्या मनात पुन्हा एकदा ऐकलं. मग म्हणाल्या, "येईल. पण तो आता देवीचा आहे. एकटा यायचा नाही."

फोन ठेवून त्यांनी नानांची चादर ओढली. "उठा. अंघोळ करा."

"आत्ता? आठच वाजलेत!"

"आज आठ. उद्यापासून सहा. देवीचं घड्याळ बंद पडलेलं चालायचं नाही. रोज चावी द्यायला लागेल, आणि पारोशा अंगानं डब्याला हात लावू देणार नाही."

नाना ताडकन उठून बसले. "म्हणजे मी... रोज..."

"चावीपुरतं. किल्ली माझ्याकडे."

इतक्या वर्षांत नानांनी इतक्या लवकर टॉवेल कधी शोधला नव्हता. नवलनं खिडकीतून पाहिलं आणि बायकोला विचारलं, नानांना काही होतंय का.

रविवारी जळगावच्या त्या हॉलमध्ये घड्याळांच्या टेबलामागे पुष्पाबाई नऊवारीत बसल्या होत्या. मांडीवर पितळी डबा, पुढ्यात कापसावर मोर, झाकण अर्धं उघडं, टिकटिक करत. कोणी हात पुढं केला की त्या म्हणत, "लांबून. देवीचं आहे." शालिग्राम सरांनी कुठल्याशा दिवाणाची गोष्ट सुरू केली, तर त्यांनाही त्यांनी गप्प बसवलं. "दिवाण असेल आधी. आता कानबाई."

पाटी त्यांनी स्वतः नूतनकडून लिहून घेतली होती. वर मोठ्या अक्षरांत: कानबाईमाता, पारोळा. खाली बारीक अक्षरांत: चावी देणारा, मगन.

नाना टेबलाच्या कडेला उभे राहून ती पाटी सारखी सरळ करत होते. ती आधीच सरळ होती. येणाऱ्याजाणाऱ्याला ते मोराकडे नाही, पाटीच्या खालच्या ओळीकडे बोट दाखवत होते. कोणी किती वाजले विचारलं तर या वेळी त्यांना मोबाइल लागला नाही. ते वाकून मोराच्या तबकडीत बघत, आणि वेळ सांगण्याआधी पुष्पाबाईंकडे एकदा बघून घेत.