निरोपाच्या दिवशीचं भाषण

आमच्या मॅट्रिकच्या वर्गातली जी चार-सहा म्हातारी खोडं अजून कळंबात शिल्लक आहेत, ती एकत्र बसली की विषय फिरून फिरून निरोप समारंभावर येतो. दर बैठकीला एखादा किस्सा वाढतो, आणि जो हजर नसतो त्याची बदनामी जास्त होते. म्हणून मी कधी गैरहजर राहत नाही.

*

वर्गात मुली दोनच. सुशीला तहसीलीतल्या कारकुनाची, कायम पहिली येणारी. आणि यमुना गावचे पुढारी अण्णासाहेब यांची. दोघी मास्तरांच्या मागोमाग वर्गात यायच्या अन् त्यांच्याच मागोमाग जायच्या. मधल्या सुट्टीत त्या कुठं असतात, हे आम्हाला मॅट्रिक होईपर्यंत कळलं नाही.

सुशीलाला औरंगाबादला कॉलेजात जायचं होतं. त्यासाठी तिनं घरात दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. शेवटी वडील म्हणाले, "सोबत असली तर जा." सोबत म्हणजे यमुना, दुसरं होतंच कोण? आणि अण्णासाहेब तर यमुनासाठी स्थळं बघत होते. म्हणजे कारकूनसाहेबांनी परवानगीही दिली अन् काळजीही मिटवली.

*

आमचे हेडमास्तर निजामाच्या अमदानीत घडलेले. सगळं काम बाकायदा, नियमात बसवून. निरोपाला कुणीतरी रडलं पाहिजे, त्याशिवाय पाहुण्यांवर छाप पडत नाही, असा त्यांचा हुकूम. त्या कामावर वर्गातल्या थोराड गोपाळची नेमणूक झाली.

तालमीत गड्यानं असा हंबरडा फोडला की शेजारच्या बाया 'कोण गेलं?' म्हणून विचारायला आल्या. हेडमास्तर लई खूश! समारंभात मात्र गोपाळला हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. शेवटी हेडमास्तरच रडकुंडीला आले.

*

फोटोग्राफर लातूरहून आणला होता. हेडमास्तरांनी स्वतः रांगा लावल्या. पास होणारे पुढं, नापास होणारे मागं बाकावर. निकालानंतर मागची रांग कापून फोटो फ्रेम करायचा, असा बेत.

निकाल लागला. मागची रांग निम्मी पास, पुढचे बरेचसे इंग्रजीत गारद. फोटो शाळेत अजून आहे, अख्खाच्या अख्खा. मी कुठल्या रांगेत आहे ते विचारू नका.

मुली फोटोत नाहीत. त्यांना कुठं बसवावं यावर मास्तरांची मीटिंग बसली, आणि मीटिंग उठेपर्यंत ऊन गेलं.

*

प्रमुख पाहुणे अण्णासाहेबच. पोलीस ॲक्शनच्या आधी अंगात शेरवानी, नंतर खादी. शिंपी मात्र तोच. तो सांगायचा, "मापं तीच हायत मालकांची. निस्तं कापड बदललं."

*

त्या दिवशी अण्णासाहेब स्त्रीशिक्षणावर बोलले. मुलगी शिकली की दोन घरं उजळतात, जो बाप मुलीला चुलीपाशी कोंडतो तो देशाचा गुन्हेगार, असं बरंच. हेडमास्तरांनी डोळ्यांना रुमाल लावला. सुशीलाचे वडील पहिल्या सतरंजीवर मान डोलवत बसलेले.

टाळ्या थांबल्या आणि सुशीला उठून उभी राहिली. मुलगी सभेत आपणहून उभी राहिलेली आम्ही कधी पाहिली नव्हती. तिचा आवाज साफ होता.

"अण्णासाहेब, तुमचं सगळं पटलं. मग यमुनाला पाठवता ना माझ्यासंगं औरंगाबादला? सोबत असली तर मलाबी पाठवतो म्हणलेत आमचे वडील."

कारकूनसाहेबांची मान डोलायची थांबली.

अण्णासाहेब हसले. मोठ्या माणसाला हसता येतं.

"पोरी," ते म्हणाले, "हे समाजासाठी बोललो. घरचं घरी बघू."

हेडमास्तरांनी घाईघाईनं हार पुढं केला. सुशीला उभीच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती खाली बसेना.

तेवढ्यात मागं बायकांच्या बाजूला बांगड्या वाजल्या. यमुनाची आई, अण्णासाहेबांच्या घरच्या काकू, उठल्या होत्या. चार माणसांत त्यांचा आवाज तोवर गावानं ऐकला नव्हता. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या,

"सुशे, यमुना येती तुज्यासंगं. गाडी कवाची हाय तेवढं सांग."