जुन्या संसदेत पनवेलची मंडळी

वडाळे तलावाभोवती सकाळी चालणारा आमचा ग्रुप वजन कमी करण्यासाठी सुरू झाला. वजन कुणाचंच उतरलं नाही, किस्से मात्र वाढत गेले. त्यातले बरेचसे दिल्लीच्या सहलीतले, आणि तेही जुनं संसद भवन पाहायला गेलो त्या एकाच सकाळचे.

*

दारावरच मोबाईल जमा करायला सांगितले. आमचे उलव्याचे दामूशेठ अडून बसले. फोटो नसला तर आपण आत गेलो होतो हे गावात कोण मानणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांची बायको हिराकाकू म्हणाली, "तुमी इतक्यांदा सांगाल, का लोक कंटाळूनच हो म्हणतील."

शेठनी गुपचूप फोन काढून दिला.

*

भवन गोल, बाहेरून खांबांचा लांबच लांब व्हरांडा. रिटायर्ड बँक मॅनेजर नाना रोजचा वॉक कधी चुकवत नाहीत. तो व्हरांडा पाहून त्यांचे पाय शिवशिवले आणि ते हळूच सटकले. इकडे माणूस कमी भरला म्हणून गाईड कावराबावरा. थोड्या वेळानं नाना घाम पुसत समोरच्या बाजूनं उगवले. गाईड रागवणार तेवढ्यात म्हणाले, "अहो, इमारत गोल आहे. यात हरवायची सोय कुठे आहे?"

*

सेंट्रल हॉलमध्ये पंखे छताला नाहीत, जमिनीवरच्या उंच दांड्यांवर उलटे बसवलेत. छत फार उंच म्हणून तसं केलं, असं गाईडनं सांगितलं. दामूशेठ बराच वेळ बघत राहिले, मग माझ्या कानाशी आले. "आमच्या कॉन्ट्रॅक्टरनं पंखा उलटा लावला तवा आमी त्याला शिव्या घातल्या. बिचारा इथूनच शिकून आला असंल."

*

कुलकर्णी मॅडमनी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं. लोकसभेच्या जुन्या सभागृहात त्या कान देऊन ऐकत होत्या, आणि मागे दुसऱ्या राज्यातला एक ग्रुप मोठमोठ्यानं गप्पा मारत होता. मॅडम न वळताच कडाडल्या, "मागे काय चाललंय?"

त्या ग्रुपला मराठी येत नव्हतं, तरी सगळे चिडीचूप. गाईड हात जोडून म्हणाला, "मॅडम, इथे एका आवाजात सगळे गप्प झालेले मी आज पहिल्यांदा पाहिले."

*

तिथेच गाईडनं आवाजी मतदान करून दाखवायचं ठरवलं. कुणीतरी प्रस्ताव मांडा म्हणाला. दामूशेठ लगेच उभे राहिले. गावातलं घर बिल्डरला देऊन टॉवरमध्ये फ्लॅट घ्यायचा, यावरून नवराबायकोत महिनोन्‌महिने धुमसत होतं. नेमका तोच प्रस्ताव शेठनी मांडला.

बाजूनं कोण, असं विचारल्यावर आम्ही सगळे मजेत ओरडलो, "हो!" हिराकाकूचा चेहरा उतरला, तेव्हा मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

विरोधात कोण? एकटी हिराकाकू म्हणाली, "नाय."

प्रस्ताव मंजूर झाल्याचं गाईडनं जाहीर केलं. शेठ आमदार निवडून आल्यासारखे चारी बाजूंना हात जोडत होते.

हिराकाकूनं कुलकर्णी मॅडमना विचारलं, "मंजूर झालं म्हंजे लगेच कायदा?"

"नाही, राष्ट्रपतींची सही लागते. त्याशिवाय काही होत नाही."

काकूनं पदर सावरला आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "घर माझ्या नावावर हाय."