ऑगस्टमधला शरद

अक्षता तायडेचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे अकोल्यात तिच्या माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं. बहारीनमधल्या ऑफिसला ते यंदाच्या ऑगस्टमध्ये कळलं.

ती एका चिनी बांधकाम कंपनीत ॲडमिनला होती आणि तिचा नवरा रुपेश ऑफिसमागच्याच साइटवर इलेक्ट्रिशियन. कंपनी चीनची, म्हणून सोयीसवलतीही चीनच्या पंचांगानं. सूर्याच्या चालीवरून वर्षाचे चोवीस भाग पाडलेलं कॅलेंडर भिंतीवर टांगलेलं होतं. त्यातला ग्रीष्म लागला की कामगारांसाठी कूलरचा तंबू आणि बर्फाचं पाणी सुरू, शरद लागला की बंद. आणि शरद लागत होता सात ऑगस्टला. इथं तेव्हा सकाळी आठलाच लोखंडाला हात लावता येत नाही. भर दुपारचं काम सरकारनंच बंद ठेवलेलं, पण सकाळचं चालूच. आदल्याच आठवड्यात रुपेश घेरी येऊन पडला होता. लगेच तंबूत नेला म्हणून निभावलं.

तंबू राहू द्या, असं तिनं मॅनेजर वेई साहेबांना दोनदा सांगून पाहिलं. हेड ऑफिसचा नियम आहे, एवढंच ते म्हणाले.

सात तारखेला तिकडे तंबूच्या दोऱ्या सुटत होत्या आणि इकडे एसीत कलिंगड कापलं जात होतं. शरद लागला की कलिंगड खायचं, असा त्यांच्याकडचा रिवाज. साहेब स्वतःच्या हातानं फोडी वाटत होते. माणूस तसा वाईट नव्हता, त्याचाच तिला जास्त संताप आला. तिच्यापुढे फोड आली तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं अख्खा ट्रे उचलला.

"शरद बाहेर लागलाय, सर. तिथंच जाऊन खाऊ."

सगळ्यांदेखत नाही म्हणणं त्यांना जड गेलं. तंबू उतरवलेल्या उघड्या जागेवर ती आणि साहेब बसले. ट्रे कामगारांत फिरला.

रुपेश तिच्या कानाशी वाकला. "तू काऊन मधात पडते? दोघाईची नोकरी जाईन."

"जाऊ द्या. जीव गेल्यावर नोकरी कोण करन?"

थोड्या वेळात साहेबांचा चेहरा लालबुंद झाला, शर्ट पाठीला चिकटला. "आमच्या गावी आज संध्याकाळी खरंच गार वारा सुटतो," ते म्हणाले.

"मग तंबू तुमच्या गावातला काढा."

ते उठायला लागले. "उद्या हेड ऑफिसला मेल करतो."

"करा. तोवर मी इथून हलत नाही. तुम्हीही बसा."

कामगार आजूबाजूला उभे होते. साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग खिशातून फोन काढला आणि स्टोअरवाल्याला सांगितलं, तंबू परत लाव. मेल नाही, विचारणं नाही.

दोऱ्या पुन्हा ताणल्या जाताना सगळे हसले. अक्षता हसली नाही. एका फोनचं काम होतं, हे कळल्यावर तिचा राग आता कुठे चढायला लागला होता.