मोहाच्या झाडाकडे तोंड केलेला दगड

आरमोरीहून एसटी निघाली आणि मी खिडकीला असा चिकटलो की वय विसरलो. कॉलेजातला माझा मित्र मेश्राम धानोऱ्याकडे शिक्षक आहे. "गोंडांच्या जुन्या मसणवट्यातले दगड वाचवाचे हायेत. साताऱ्यात बसून काय करून राह्यला? ये लवकर," असा त्याचा फोन आला आणि मी पिशवी भरली.

धानोऱ्याच्या पुढे गाडी सोडून मेश्रामबरोबर रानातून चाललो. मार्च संपत आलेला, हवेत मोहाच्या फुलांचा गोड, जरा आंबूस वास. झाडी संपली आणि मी "अरे बापरे!" म्हणून थांबलोच. मोकळ्या जागेत दगडच दगड उभे, काही कमरेएवढे, काही माझ्या डोक्याच्याही वर. गेलेल्या प्रत्येक माणसामागं एक. किती पिढ्या असतील कोण जाणे!

मधोमध मोहाचं जुनं झाड होतं. त्याच्या मुळीनं गावातल्या सोमीबाईच्या गेलेल्या नवऱ्याचा दगड पार तिरपा केला होता. दगड वाचवायचा तर झाड तोडा, असं निम्मं गाव म्हणत होतं. पण इथं मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात आणि हे झाड सोमीबाईचं. त्याच्या फुलांवर या बाईचं घर चालतं.

"कापाल त मी खाऊ काय?" ती कमरेवर हात ठेवून विचारत होती.

"अन् दगड पडला त?" गायता (गावचा पुजारी) म्हणाला.

"झाडाले पाय नाईत. तुमाले हायेत ना? मंग दगड हलवा!"

मेश्राम तर टाळी वाजवून मोकळा झाला.

मग काय, ढोल आला! आंबील पिऊन सगळे भिडलो. वेलींच्या दोरांनी दगड बांधला, खालून लाकडाच्या बल्ल्या घातल्या. मी हट्टानं खांदा दिला. वाटेत दगड टेकवायचा नाही, एवढी एकच अट. आणि नेमका माझाच पाय मोहाच्या फुलांवरून सटकला! दगड धप्पकन खाली.

गायत्यानं शांतपणे मागं बोट दाखवलं. पुन्हा पहिल्यापासून.

"पाव्हणा खाते लय, उचलते कमी!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळं रान हसलं. मीही हसलो, करतो काय!

दुसऱ्या खेपेला दगड नव्या खड्ड्यापर्यंत पोचला. रीतीप्रमाणे त्याची सपाट बाजू, म्हणजे तोंड, गावाकडे करून उभा केला. माती दाबणार तोच सोमीबाई पुढं आली.

"हे काय? जित्ता होता तवा त्यानं कधी घराकडं पाह्यलं नाई. सारा जलम या मोहाखाली काढला. आता काऊन घराकडं पाहील? फिरवा!"

"आता पुन्हा?"

"पुन्हा."

गायत्यानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. आम्ही कण्हत-कुंथत दगड फिरवला. सोमीबाईनं त्याच्या पायाशी ओंजळभर फुलं ठेवली, वर हात फिरवला. "घे. आता बसल्या जागी फुलांवरची माकडं हाकल," म्हणाली, आणि हसता हसता रडायलाच लागली. मग ती डोळे पुसून झाडाखाली फुलं वेचायला बसली.

परतीच्या गाडीत खांदा असा ठणकत होता की विचारू नका. पण इतका खूश मी कित्येक वर्षांत नव्हतो. मसणवटा जपायचा म्हणजे कुंपण आणि पाटी, एवढंच मला सुचलं असतं.

घरी आल्यावर आधी स्टूल घेतलं. बैठकीत टीव्हीच्या वर टांगलेला बाबांचा फोटो उतरवला आणि मागच्या पडवीत, त्यांनी लावलेल्या पेरूसमोर लावला.

"अहो, पावसात भिजेल तो," बायको म्हणाली.

"भिजू दे. पेरूला आळं करायला जाताना बाबांनी कधी छत्री घेतली होती?"