अर्धा कप चहा

सिस्टर छतावर पेन्सिलने तारखा लिहायच्या. आष्टीतल्या माझ्या घराची मागची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. सरकारी दवाखान्यात नर्स. नवरा वारलेला, नऊ वर्षांची लेक. ओल दिसली की स्टुलावर चढून त्या डागाच्या कडेने रेघ मारायच्या आणि शेजारी तारीख घालायच्या.

मी चिडून विचारले, "छत म्हणजे पेशंटचा तक्ता हाय का, सिस्टर?"

"हायच की, भाऊ. ताप रोज लिवला न्हाई तर चढला का उतरला, कळंल कसं?"

हिशोबी माणूस मी, पण त्या रेघांकडे बघायचे टाळत होतो. तीन महिन्यांत वीतभर ओल चार फूट झाली. मी दोनदा वरवर गिलावा मारला, दोन्ही वेळा तो सुटला आणि गंजलेल्या सळया उघड्या पडल्या. "दिवाळीनंतर बघू," म्हणालो. मग एके दुपारी विटेएवढा ढपला पोरीच्या दप्तरावर पडला. पोर तेवढ्यात पाणी प्यायला उठली होती.

संध्याकाळी सिस्टरांनी खोली सोडते म्हणून सांगितले. मी करार घेऊन गेलो. "अकरा महिन्यांचा हाय. आता चौथा चाललाय. मधीच सोडली तर अनामत मिळणार न्हाई."

त्यांनी आवाज चढवला नाही. कॉट सरकवली आणि बरोबर त्या सळयांखाली खुर्ची ठेवली. "बसा भाऊ. चहा घ्या, मंग बोलू."

बसलो. कप हातात आला. वर काहीतरी करकरले, बशीत वाळू पडली. मी खुर्ची हळूच मागे घेतली.

"सरकू नका. माझी लेक तिथंच झोपती."

मी अर्धा कप प्यालो आणि वर सळयांकडे बघितले.

"करारात घर लिवलंय. ह्याला घर म्हणायचं का, तुमीच सांगा. घर राहण्याजोगं ठिवणं मालकाकडं असतंय. करार तुमी मोडला, मी न्हाई."

अर्धा कप तसाच ठेवून मी उठलो. दुसऱ्या दिवशी अनामत पूर्ण परत केली. सिस्टर जवळच्या कडा गावी राहायला गेल्या. जाताना त्यांनी तो कप धुऊन ओट्यावर पालथा घातला होता. छत फोडायला घेतले, तेव्हा सळया हातानेच तुटल्या.

आता माझ्या भाड्याच्या तीन खोल्या आहेत. दर पावसाळ्यानंतर प्रत्येक छताखाली खुर्ची टाकून पूर्ण कप चहा पितो. यंदा रस्त्याकडच्या खोलीत अर्ध्यावरच उठलो. ती भाड्याने मागायला लोक रोज येतात. तिथे अजून कुलूप आहे.