मेलेल्या मित्राचं नाव

एव्हरेट लुंडक्विस्ट मूळचा डुलुथचा, बंदरातल्या हमालाचा मुलगा. न्यूयॉर्कमध्ये त्याचं पहिलंच नाटक दोनशे प्रयोग चाललं आणि हॉलिवूडहून बोलावणं आलं. तिथल्या एका स्टुडिओत त्याने पंधरा वर्षं पटकथा लिहिल्या. दुसऱ्यांची फसलेली पटकथा सावरावी तर त्यानेच.

१९५२ साली वॉशिंग्टनच्या चौकशी समितीचं समन्स आलं. तरुणपणीच्या नाटकमंडळीत कम्युनिस्ट कोण कोण होते, ते सांगायचं. जो सांगणार नाही त्याला कुठलाच स्टुडिओ दारात उभं करत नव्हता.

स्टुडिओचा वकील व्हिटकॉम याने टाइप केलेला जबाब त्याच्यापुढे सरकवला.

"एकच नाव आहे. तुमचा नाटकमंडळीतला मित्र, नेथन ब्रॉडी. त्याला जाऊन चार वर्षं झाली. मेलेल्याचं कोण काय वाकडं करणार?"

"त्याची बायको सेल्मा शाळेत शिकवते."

"तिचं नाव कुठे घेतलंय आपण?"

"आडनाव तेच आहे की. शाळा ठेवेल तिला?"

"बाहेर गाडीत तुमची बायको बसलीय ना? तिला विचारून या."

इंगा स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मला नको विचारूस," ती म्हणाली. "मी सही करच म्हणेन."

तो परत आत गेला. पेन उघडलं. सवयीने त्याने मजकूर पहिल्यापासून वाचायला घेतला आणि तिसऱ्या ओळीवर अडला: 'ब्रॉडीने मला कम्युनिस्टांच्या सभांना ओढून नेलं.'

"हे उलटं आहे. नेथनला मी नेलं होतं. तो यायलाच तयार नव्हता."

"ते कुणाला ऐकायचं नाहीये."

एव्हरेटने पेनाचं टोपण लावलं.

समितीपुढे कम्युनिस्ट म्हणून त्याने फक्त स्वतःचं नाव सांगितलं. महिन्याभरात स्टुडिओने त्याला काढलं. दोघं डुलुथला परतली. तो रंगाच्या दुकानात विक्रीला उभा राहू लागला. इंगा वर्षभर त्याच्याशी कामापुरतं बोलायची. पहाटे उठून तो नाटकं लिहायचा, चर्चच्या हॉलमध्ये बसवायचा.

नऊ वर्षांनी त्यातलं एक न्यूयॉर्कच्या एका छोट्या थिएटरात लागलं. पहिल्या प्रयोगाला सेल्मा आली. अजून त्याच शाळेत होती.

"दुसरा अंक लांबलाय," ती म्हणाली. "नेथनने कापायला लावला असता."

"कापतो," एव्हरेट म्हणाला.

सही न केलेल्या त्या जबाबाबद्दल तिच्याशी तो कधीच बोलला नाही.