सी, लुक आणि वॉच

सांगलीत एका पिठाच्या गिरणीच्या वर क्षमाताईंचा इंग्रजीचा क्लास आहे. सारख्या वाटणाऱ्या शब्दांतला फरक समजावण्यात त्यांचा हातखंडा. ‘से’ कुठं, ‘टेल’ कुठं, हे त्यांच्याकडं आलेलं पोर विसरत नाही.

मयूरी त्यांच्या कडेगावचीच. कॉलेजला असताना ती त्यांच्या घरी राहिली. ‘सी’, ‘लुक’ आणि ‘वॉच’ तिला काही केल्या उमजेनात. तेव्हा एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता ताईंनी आजवर कुणालाच न सांगितलेलं तिला सांगितलं.

“माझा भाऊ रविराज सुट्टी संपवून पलटणीत निघालेला. फाट्यावर एसटी आलेली दिसली, ते सी. त्यानं खिडकीतून हाक मारली, मी वर बघितलं, ते लुक. मग गाडी वळणाआड जाईस्तोवर नजर हलवली नाही, ते वॉच.”

रविराज आला तो तिरंग्यातच.

पुढं मयूरी पुण्याला गेली, मोबाइलवर इंग्रजी शिकवून नावारूपाला आली. ताई सगळ्यांना कौतुकानं सांगायच्या, “आमच्या घरात वाढली ती.”

यंदा ताईंनी धीर करून ती आठवण पहिल्यांदाच वर्गात सांगितली. बोलणं संपायच्या आत रेश्मा नावाची मुलगी म्हणाली, “मॅडम, ही तर मयूरी मॅडमच्या भावाची गोष्ट हाय. तुमी त्यांचं बघून सांगताय व्हय?”

तिनं मोबाइल पुढं धरला. मयूरी डोळे पुसत सांगत होती, “माझा दादा फौजेत निघाला, तेव्हा...” शब्द न् शब्द ताईंचा होता. मयूरी तर आईबापांची एकुलती एक.

ताईंनी वर्ग सोडून दिला आणि मयूरीला फोन लावला.

“तुला भाऊ कवा झाला गं?”

“ताई, स्वतःचं म्हणून सांगितलं की लोकांना भिडतं. आणि साधं उदाहरण तर होतं. तुमीच दिलेलं.”

“तुला घरातली समजून सांगितलं होतं मी.”

“खाली तुमचे आभार लिहू का?”

ताईंनी फोन ठेवला.

त्याच आठवड्यात कडेगावहून त्यांच्या आईचा, हरणाबाईंचा फोन आला. शेजारणीनं तो व्हिडिओ त्यांना दाखवला होता. “क्षमे, ती मयूरी आपल्या रविराजचं का सांगतीया? तिला कुणी सांगितलं?”

ताई म्हणाल्या, “दुसऱ्या कुणाचं तरी असंल, आई.”

“न्हाई गं,” हरणाबाई म्हणाल्या, “त्योच हाय.”